फुलीवरची सही

आमच्या विभागातल्या वरिष्ठ लिपिक बाईंची बदली मी करवली. त्यांनी काहीही केलं नव्हतं. मीच एक गोपनीय टिपण लिहिलं, वर पाठवलं, आणि महिन्याभरात बाई परीक्षा विभागात गेल्या.

एवढं सरळ लिहायला मला वर्ष लागलं. त्याआधी हीच गोष्ट मी लोकांना 'मध्ये थोडे प्रशासकीय फेरबदल झाले' अशी सांगत असे.

मी विद्यापीठात शिकवतो. विषय, गिरणी कामगारांचा इतिहास. जन्म गिरगावातला, राहतोही अजून गिरगावातच. म्हणजे लहानपणी ज्या लालबाग-परळला मी वर्षातून एकदा, वडिलांच्या खांद्यावर बसून, गणपती बघायला जायचो, त्या भागाचा मी आता तज्ज्ञ आहे. सात वर्षांपूर्वी इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका जुन्या गिरणीगावातल्या विद्यापीठाशी आमच्या विभागाचा सामंजस्य करार झाला. त्यांच्या गिरण्या आमच्या आधी बंद पडल्या, त्यामुळे त्या बाबतीत ते आम्हाला सीनियर. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, मुलांनी एकमेकांकडे जाऊन राहायचं, कागदपत्रं एकमेकांना उघडी ठेवायची, असा तो करार. सह्यांच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि फोटो झाला. फोटोत मी त्यांच्या प्राध्यापकांच्या हातात निळी फाइल देतोय आणि दोघंही फाइल सोडून कॅमेऱ्याकडे बघतोय. तो फोटो मी केबिनमध्ये अशा ठिकाणी लावला, की आत येणाऱ्याला मी दिसायच्या आधी तो दिसावा.

असे करार आमच्याकडे पुष्कळ होतात. बहुतेक सह्यांच्या दिवशीच दमतात. आमचा मात्र टिकला. दरवर्षी मुलं येत होती, जात होती. मग हळूहळू मला व्याख्यानांना बोलावणी येऊ लागली. 'विद्यापीठांमधलं टिकाऊ सहकार्य: अडथळे आणि आधार'. अठ्ठावीस स्लाइड्स. त्यात 'नेतृत्वाची दूरदृष्टी' या स्लाइडवर फारसं काही लिहिलेलं नव्हतं, फक्त निळ्या फाइलचा फोटो होता.

आता बाई. बाई लालबागच्या. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. बाईंची विद्यापीठात तीस वर्षं झालेली. टेबलावर आवक-जावकच्या दोन वह्या, एक स्टेपलर, ज्याला त्या कोणाला हात लावू देत नसत, आणि एक पेन्सिल. कुठलाही कागद माझ्याकडे सहीला आला की जिथे सही करायची तिथे बाईंनी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असे. मी पानं उलटायचो, फुली शोधायचो, सही ठोकायचो. फुली, सही, फुली, सही. पाच मिनिटांत गठ्ठा संपायचा. नव्याने लागलेल्या प्राध्यापकांना मी सांगायचो, कामाचा उरक असा असतो.

आणि रोज दुपारी साडेतीनला बाई मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करायच्या आणि एका गोऱ्या बाईशी गप्पा मारायच्या. बाईंच्या हातात क्रोशाची सुई, पलीकडच्या बाईच्या हातातही सुई. बाईंचं इंग्रजी त्यांचं स्वतःचं होतं. "यू सेंड टुडे, आय सी टुमॉरो, दॅन ओके." मध्येच हसणं, मध्येच दोऱ्याचा गुंडा कॅमेऱ्यापुढे. पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम. कुठेतरी इंटरनेटवर जमलेली मैत्रीण असेल असं मी धरून चाललो. कधी विचारलं नाही. लोकांना प्रश्न विचारून माहिती काढणं हाच माझा धंदा, पण तो मी विभागाच्या बाहेर करतो.

एकदा विद्यापीठाच्या पाहणीला एक समिती आली होती. अध्यक्षांना विभाग दाखवता दाखवता मी ऑफिसचं दार उघडलं, नेमकं साडेतीनला. बाई एक पांढरी जाळीदार टेबलपट्टी मोबाइलसमोर ताणून धरून सांगत होत्या, "नो नो, युवर बॉर्डर टू लूज." अध्यक्ष हसले. चांगलं हसले होते बिचारे, पण माझ्या कानशिलांना आग लागली. त्याच संध्याकाळी मी टिपण लिहिलं. सदर कर्मचारी कार्यालयीन वेळेत परदेशस्थ व्यक्तीशी खाजगी संभाषण व विणकाम करतात. विभागाच्या आंतरराष्ट्रीय कामास गंभीर व्यक्तीची आवश्यकता आहे. बदलीनंतर त्यांनी विभागाच्या कोणत्याही पत्रव्यवहारात भाग घेऊ नये. 'गंभीर' हा शब्द मला इतका आवडला की तो मी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला. पाकिटावर लाल शाईने 'गोपनीय' लिहिलं आणि पाकीट जावक ट्रेमध्ये ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा सह्यांचा गठ्ठा आला, नेहमीसारख्या सह्या झाल्या, आणि टिपण आस्थापना विभागाकडे रवाना झालं.

जायच्या दिवशी बाईंनी कार्यभार सोपवल्याचा कागद पुढे ठेवला. फुली, सही. मग एक खाकी पाकीट दिलं. वर लिहिलं होतं, 'पुढच्या लिपिकासाठी'. मी त्यांना त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल चार शब्द ऐकवले. त्या "येते, सर," एवढंच म्हणाल्या आणि स्टेपलर घेऊन गेल्या. पाकीट मी पुढच्या लिपिकासाठी खणात ठेवलं. पुढचा लिपिक काही आला नाही. विद्यापीठात माणूस हलवायला एक टिपण पुरतं, आणायला पुरत नाही. पाकिटावर हळूहळू ॲसिडिटीच्या गोळ्या, व्हिजिटिंग कार्डं आणि एका लग्नाची पत्रिका साचली.

या सगळ्यात एक मुलगी अडकली होती. माझ्याकडे पीएचडी करणारी. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली, आजोबा गिरणीतले. परळच्या एका कॉलेजात कंत्राटी शिकवायची आणि मधल्या वेळेत प्रबंध लिहायची. मुंबईच्या गिरण्यांनी माग ज्या कारखान्याकडून मागवले, त्याचा सगळा पत्रव्यवहार त्या इंग्लंडच्या विद्यापीठात आहे. मुंबईहून गेलेल्या तक्रारी, तिकडून आलेली उत्तरं, सगळं. तिचं शेवटचं प्रकरण त्यावर उभं होतं. करारातून तिला सहा महिने तिकडे जायचं होतं. मुदतवाढ घेऊन घेऊन संपली होती. त्या उन्हाळ्यात गेली तर प्रबंध होणार, नाहीतर नोंदणी रद्द. कॉलेजने रजा दिली होती आणि तिच्या जागी दुसरी मुलगी घेऊनही टाकली होती.

दर सोमवारी ती यायची. सर, निमंत्रणाचं पत्र आलं का? मी म्हणायचो, येईल गं, सात वर्षांचा करार आहे. मग तिच्यासमोरच मी त्यांच्या प्राध्यापकांना एक भारदस्त पत्र लिहायचो. संदर्भ, विषय, महोदय, विभागाच्या लेटरहेडवर. उत्तर यायचं नाही. इंग्रज माणूस सावकाश विचार करतो, अशी मी तिची समजूत घालायचो.

फेब्रुवारीत दादरच्या एका कॉलेजात माझं तेच व्याख्यान होतं. सभागृह भरलेलं. लॅपटॉप माझा, आणि स्लाइड्स पुढे सरकवायला ही मुलगी. सतराव्या स्लाइडवर मी सांगत होतो, की करार कागदावर होतात, पण टिकतात ते सततच्या संवादामुळे. हे वाक्य नेहमी टाळी घेतं. त्या दिवशी टाळी आली नाही. सगळं सभागृह माझ्याकडे न बघता माझ्या डोक्याच्या वर बघत होतं. मी वळलो. पडद्याच्या कोपऱ्यात नव्या ईमेलचा चौकोन उघडला होता. चांगला हातभर. त्यांच्या विद्यापीठाचं नाव, खाली दोन ओळी. करार मार्चअखेर संपुष्टात येत आहे, गेल्या दोन सत्रांत आपल्याकडून कोणताही संपर्क झालेला नसल्यामुळे नूतनीकरण होणार नाही, कळावे.

मुलीचा हात माउसवर तसाच होता. मला वाटतं तिने ते माझ्या आधी वाचलं. मग तिने शांतपणे तो चौकोन बंद केला आणि पुढची स्लाइड लावली. निळी फाइल.

पुढची अकरा मिनिटं मी काय बोललो ते मला माहीत नाही. बोललो हे नक्की, कारण शेवटी टाळ्या झाल्या, आणि त्या नेहमीपेक्षा जास्त झाल्या. कोणी पडल्यावर त्याला उठवताना लोक जसे जरा जास्तच मदत करतात, तशा. बाहेर पडून आम्ही हिंदमातापर्यंत चालत आलो. साड्यांच्या दुकानांसमोर ती थांबली आणि म्हणाली, "सर, आईला आज सांगू, की थांबू?"

मी थांब म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो ते मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्राध्यापकांना व्हिडिओ कॉल लावला. ते बागेत होते, अंगात स्वेटर, हातात कात्री. बोलले फार प्रेमाने. म्हणाले, मी तर त्या कामातून चार वर्षांपूर्वीच बाहेर पडलो, आता निवृत्तही झालोय. मी म्हणालो, आम्हाला कळवलं असतंत तर. ते म्हणाले, कळवलं होतं की, तुम्ही स्वतःच्या सहीने पोच दिलीत, शुभेच्छाही दिल्यात.



मग त्यांनी सांगितलं, की इतकी वर्षं हे सगळं त्यांच्या ऑफिसातल्या एक बाई बघत आल्या. दरवर्षी नूतनीकरणाच्या बैठकीत विषय निघाला की त्या सांगायच्या, मुंबईशी माझं रोज बोलणं होतं, चालू ठेवा. आणि चालू राहायचं. ऑगस्टपासून मुंबईची बाई एकाएकी दिसेनाशी झाली. यांनी मेलवर मेल पाठवल्या, उत्तर नाही. मग फॉर्मवर 'संपर्क आहे का' या प्रश्नापुढे त्यांना 'नाही' लिहावं लागलं. "त्या दोघी कसलंसं विणकाम करायच्या एकत्र," ते म्हणाले. "तुम्हाला माहीतच असेल."

कॉल संपल्यावर माझी नजर समोरच्या फोटोवर गेली. फोटोत माझ्यामागे, शालींचा ट्रे धरून, बाई उभ्या होत्या. सात वर्षं तो फोटो माझ्यासमोर होता. व्याख्यानांमधून मी तो नाही म्हटलं तरी पन्नासेक वेळा लोकांना दाखवला असेल. बाई त्यात मला पहिल्यांदा दिसल्या.

मग खणातलं पाकीट आठवलं. लग्नाची पत्रिका बाजूला करून ते उघडलं. आत तीन कागद, बाईंच्या तिरक्या अक्षरात. वर विभागाच्या ईमेलचा पासवर्ड. खाली महिनावार कामं.

'जून. त्यांच्या मुलांची यादी मागतात. आपले निकाल लागलेले नसतात. तारीख वाढवून मागणे. आधी मागितली की देतात, उशीर झाल्यावर मागितली की देत नाहीत.'

'ऑगस्ट. वार्षिक फॉर्म. गणपतीच्या आधी पाठवणे. नंतर आपल्याकडे पंधरा दिवस कोणी सापडत नाही.'

'डिसेंबर. नाताळात त्यांचे ऑफिस बंद. घाई असेल ते पंधरा तारखेच्या आत.'

'आपले मार्क त्यांना कळत नाहीत. तक्ता मागे जोडला आहे, तो प्रत्येक मुलाबरोबर पाठवणे.'

'तिकडची मुले आली की पहिले तीन दिवस मऊ भात. चाळीत नेण्याआधी आदल्या दिवशी आपण जाऊन सांगून येणे. न सांगता गेले की म्हातारी माणसे चहा देतात, बोलत नाहीत.'

'रोज साडेतीनला तिकडच्या बाईंशी बोलणे. काम नसले तरी बोलणे. एरवी बोललेले असले तरच अडचणीला फोन उचलतात.'

आणि शेवटच्या कागदावर, सगळ्यात खाली: 'सर सही लगेच देतात. वाचत नाहीत. म्हणून आपण दोनदा वाचणे.'

टिकाऊ सहकार्यावरचं माझं व्याख्यान पाऊण तासाचं आहे. हे तीन कागद वाचायला सहा मिनिटं लागली, आणि त्यानंतर त्या अठ्ठावीस स्लाइड्सपैकी एकही धड उरली नाही. मी ईमेल उघडलं. न वाचलेल्या मेलची रांग, बहुतेक त्याच बाईंच्या. शेवटची अगदी छोटी. कामाचं राहू दे, तू बरी आहेस ना? वडील बरे आहेत ना?

तसाच उठलो आणि परीक्षा विभागात गेलो. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत आत शिरलो, तर खिडकीजवळ बाई, समोर तोच स्टेपलर. "या, सर," म्हणाल्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. म्हणजे दादरचा पडदा, करार, मार्चअखेर. टिपणाचं सोडून सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि पहिलं हे विचारलं, "पोरीचं पत्र आलं नाही अजून?"

नाही म्हणालो. घड्याळात साडेतीनला पाच कमी होते. मी म्हणालो, बाई, तुमच्या मैत्रिणीला एक फोन लावा, आत्ताच्या आत्ता.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कार्यालयीन वेळ आहे, सर."

त्यांनी एक गठ्ठा पुढे ओढला.

"आणि विभागाच्या पत्रव्यवहारात भाग घ्यायचा नाही, असं लेखी आहे. म्हणून घरूनसुद्धा लावलेला नाही."

टिपण गोपनीय होतं. बदलीच्या आदेशात कारण लिहिलेलं नसतं. शब्दन् शब्द माझा होता, आणि तो बाईंच्या तोंडून, शांत आवाजात, त्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधत असताना मला ऐकू येत होता. 

बाई म्हणाल्या, गुरुवारी महाशिवरात्र आहे, आपल्याला सुट्टी आणि त्यांना नाही. घरी या. पण आधी जे लेखी आहे, ते लेखी काढून या.

आस्थापना विभागात गेलो. अधिकाऱ्यांनी फाइल काढली आणि माझं टिपण पुढे ठेवलं. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. वर जावक क्रमांक, तिरक्या अक्षरात. खाली माझी सही. आणि सहीच्या शेपटाखाली, अर्धवट पुसलेली, पेन्सिलीची फुली.

मला कळेपर्यंत थोडा वेळ गेला. त्या संध्याकाळी 'गंभीर' शब्दाच्या आनंदात मी टिपणावर सही करायला विसरलो होतो. पाकीट चिकटवायलाही विसरलो होतो. सकाळी बाईंनी जावक क्रमांक घालायला कागद बाहेर काढला, वाचला, सही नाही हे पाहिलं, आणि फुली मारून माझ्या गठ्ठ्यात ठेवला. मी सही केली. स्वतःच्या बदलीचा कागद बाईंनी नोंदवला, चिकटवला आणि पाठवला. आणि त्यानंतर महिनाभर माझ्या समोरून ये-जा करत राहिल्या.

"काय झालं, सर?" अधिकारी म्हणाले. "सही तुमचीच आहे ना?"

माझीच होती. अगदी झोकदार आली होती. मी पाणी मागितलं, खुर्चीत बसलो, आणि टिपण मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. ते म्हणाले, कारण लिहावं लागेल. मी लिहिलं, 'सदर मजकूर माझ्या अज्ञानातून लिहिला गेला.' त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, हे कारण या फाइलमध्ये पहिलंच आहे, पण चालेल, नियमात बसतं.

गुरुवारी लालबागला गेलो. बाईंच्या चाळीखाली मसाला कुटायचा डंक आहे. सुट्टी असूनही तो चालू होता, आणि दोन जिने चढेपर्यंत मी सात-आठ वेळा शिंकलो. आत पाहतो तर माझी विद्यार्थिनी पाट घेऊन रताळी सोलत बसलेली. "काकी, सर आले," तिने आत हाक दिली. काकी? ती दोन वर्षं इथे येत होती. तिच्या पहिल्या ध्वनिमुद्रणातले आजोबा म्हणजे बाईंचे वडील, खाटेवर बसलेले, पंच्याऐंशीच्या घरातले.

मला हे कसं कळलं नाही, असं मी म्हणालो. तिने रताळं खाली ठेवलं. "सर, प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला काकींचाच आवाज आहे. तुम्ही ऐकलीत ना?"

मी सगळ्या ध्वनिमुद्रणांच्या लेखी प्रती मंजूर केल्या होत्या. फुली होती प्रत्येकावर.

म्हाताऱ्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "ह्योच काय गो तो सायब?"

"होय बाबा. हेच," बाई म्हणाल्या आणि मोबाइल तांब्याला टेकवला.

पलीकडच्या बाई दिसल्या. पिकलेले केस, लाल चष्मा. करार, विद्यापीठ, मार्चअखेर यातलं कोणीच काही बोललं नाही. आधी वडिलांचा गुडघा झाला. मग पलीकडच्या बाईंच्या आईचं पडणं झालं. मग म्हाताऱ्यांना कॅमेऱ्यासमोर आणलं. गिरणीतल्या त्यांच्या मागावर लोखंडात इंग्रजी अक्षरं ओतलेली होती. त्यांना वाचता येत नव्हती, पण रोज पुसून पुसून वळण पाठ झालं होतं. पहिल्या वर्षी अशाच एका कॉलवर त्यांनी ती अक्षरं बोटाने हवेत काढली, तर ते त्या बाईंच्या गावाचं नाव निघालं, आणि तिथून या दोघींचं जमलं. हे मला त्या दिवशी विद्यार्थिनीने कानात सांगितलं. सात वर्षं मी लोकांना सांगत होतो, की हे सहकार्य समान संशोधन-अग्रक्रमांतून उभं राहिलं.

मग पलीकडच्या बाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्या काहीतरी म्हणाल्या. इंग्रजी मला येतं, पण बाईंनी तरीही भाषांतर केलं. "विचारतेय, फोटोत फाइल धरलेले ते हेच का?"

मी मान हलवली.

त्यानंतर काम झालं, आणि ते इतक्या भराभर झालं की मी बघतच राहिलो. निर्णय फिरवायचा असेल तर त्यांच्या समितीला एकच गोष्ट हवी होती: मुंबईकडून उत्तर कोण देणार त्या माणसाचं नाव. पद नको, नाव. माझं नाव टाका, मी म्हणालो. दोघीही गप्प झाल्या. दोन वेगळ्या देशांत एकाच वेळी पडलेली अशी शांतता मी तरी पहिल्यांदाच ऐकली. मग बाई त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, "ही विल साइन. आय विल रिप्लाय." पलीकडे मान हलली. मी रताळ्यांच्या बाजूला बसून हाताने पत्र लिहिलं, की आमच्याकडचा संपर्क माझ्या चुकीमुळे तुटला, यापुढे उत्तर या बाई देतील, आणि ते काम त्या कार्यालयीन वेळेत करतील. विद्यार्थिनीने त्याचा फोटो काढून पाठवला.

निघताना जिन्यात मी बाईंना गाठलं. विचारलं, टिपणावर फुली का मारलीत? फाडून टाकलं असतं तर मला कळलंही नसतं.

"बिनसहीचा कागद ते परत पाठवतात, सर," बाई म्हणाल्या. "विभागाचा कागद माझ्या हातून कधी परत आलेला नाही."

मी शिंकत शिंकत खाली उतरलो.

तीन आठवड्यांनी मुलीचं पत्र आलं, आणि त्यांच्या समितीने करार एक वर्षासाठी, निरीक्षणाखाली, वाढवल्याचं कळलं. एप्रिलअखेर ती गेली. आईला तिने तोपर्यंत काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगितलं ते एकदम विमानाचं तिकीटच. बाईंना मी परत विभागात या म्हणालो, तर त्यांनी फक्त सोमवार आणि गुरुवारच्या दुपारी कबूल केल्या. बाकीच्या दिवसांबद्दल विचारलं, तर त्यांना परीक्षा विभाग आवडायला लागलाय म्हणाल्या. व्याख्यानांना मला अजून बोलावतात. मी येत नाही म्हणतो, आणि बाईंचं नाव सुचवतो. त्यांना अजून कोणी बोलावलेलं नाही.

वाढीव कराराचा कागद मात्र एका सोमवारी सहीला आला. बारा पानं. या वेळी फोटो नव्हता, शाल नव्हती. बाटलीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये लाल चष्मा होता आणि टेबलावर अर्धी विणलेली टेबलपट्टी. मी पेन उघडलं आणि पानं उलटत गेलो. बाराव्या पानापर्यंत गेलो, परत पहिल्यावर आलो. फुली कुठेच नव्हती.

"बाई, सही कुठे करायची?"

बाईंनी सुईवरून नजर वर केली नाही. "कुठेतरी असेल आत. वाचत जा, सापडेल. डॉक्टरेट आहे ना तुमची?"